शस्त्रक्रियापूर्व उपवास आणि अपस्मार

शस्त्रक्रियापूर्व उपवास म्हणजे भूल देण्यापूर्वी जठर रिकामे व्हावे म्हणून ठरावीक काळ अन्नपाणी वर्ज्य करणे होय. भूल दिल्यावर गिळण्याच्या व खोकण्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात. त्यामुळे जठरातील अन्न किंवा आम्ल घशात येऊन फुप्फुसांत शिरू शकते. कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये प्रसूतीच्या वेळी भूल दिलेल्या स्त्रियांमध्ये या धोक्याचे वर्णन केले. प्रौढांमध्ये सर्वसाधारणपणे हलक्या आहारानंतर ६ तास व पाण्यानंतर २ तासांचे अंतर ठेवले जाते.

अपस्माराच्या (फेफरे) रुग्णांच्या बाबतीत हा नियम नेहमीच्या औषधाला लागू होत नाही. मात्रा चुकल्यास झटका येण्याचा धोका वाढतो. म्हणून भूलतज्ज्ञाच्या सल्ल्याने औषध घोटभर पाण्यासोबत नेहमीच्या वेळी दिले जाते. ते तोंडाने देणे शक्य नसल्यास शिरेवाटे औषध देतात.