जीपचा मागचा क्राऊन: ऐकीव समजुती आणि मोजलेली मापं

"जुनी जीप आहे, मागून आवाज येणारच." महिंद्राची सीजे-३बी बाळगणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. अनेकांनी ते मान्य करून टाकलेलं असतं, आणि ही समजूत सगळ्यात जास्त नुकसान करते. अमेरिकेत विलिजने १९५३ मध्ये आणलेली ही उंच बॉनेटची जीप महिंद्राने आपल्याकडे पुढे कित्येक दशकं बनवली. तिच्या मागे बसणारा स्पायसर ४४ ॲक्सल, ज्याला आज सगळे डाना ४४ म्हणतात, तो अतिशय दणकट आहे. तो ओरडायला लागला तर त्यात काहीतरी झिजलेलं असतं किंवा चुकीचं बसवलेलं असतं. दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात.

आवाज आला म्हणजे क्राऊन (ॲक्सलमधला मोठा गिअर; त्याला फिरवणारा छोटा तो पिनियन) गेला, असंही नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर वेगळा सूर येत असेल, तर क्राऊन-पिनियन किंवा पिनियनच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. पाय कसाही ठेवला तरी घरघर फक्त वेगाबरोबर वाढते, तेव्हा आधी चाकाची बेअरिंग पाहावीत. नुसत्या वळणावर कुरकुर होत असेल, तर डिफरन्शियलच्या केसच्या आतले छोटे गिअर आणि त्यांची पिन तपासायला हवी. आणि क्लच सोडताना येणारी "टक्"? ती बहुतेक वेळा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमधून, झिजलेल्या स्प्लाइनमधून किंवा हबच्या सैल झालेल्या चावीमधून येते.

ही "टक्" घालवण्यासाठी बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, कमी करणारे लोक मी पाहिले आहेत. यापेक्षा वाईट उपाय नाही. वर्षानुवर्षं एकमेकांवर फिरलेल्या दातांची ठरावीक जागा घासून बसलेली असते. क्राऊन पिनियनकडे सरकवला की दात त्या जागेवरून हलतात. "टक्" कदाचित थोडी कमी होते, पण तिच्या जागी कायमचा हुंकार येतो आणि पुढे दात तुटू शकतो. जुनाच सेट परत बसवायचा असेल, तर उघडण्याआधी त्याचा बॅकलॅश डायल गेजने मोजून ठेवावा आणि तोच परत आणावा. पाच ते सात थाऊ हे माप नव्या सेटचं आहे. (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डोक्यावरचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो, यावरून कामाचा अंदाज यावा.)

क्राऊन एका गाडीचा आणि पिनियन दुसऱ्या गाडीचा, अशी जोडी जुन्या बाजारात सर्रास विकली जाते. "दात तेवढेच आहेत, चालतंय." नाही चालत. कारखान्यात हे दोन गिअर एकमेकांवर घासून जुळवतात आणि दोघांवर एकच जोडीक्रमांक कोरतात. क्रमांक जुळत नसेल तर सेट घेऊ नये. दुकानदार कितीही ओळखीचा असो.

खरी मेख पिनियनच्या खोलीत आहे. क्राऊनच्या मध्यापासून पिनियन किती अंतरावर बसावा, हे आतल्या बेअरिंगच्या कपामागच्या शिम्स, म्हणजे पातळ चकत्या, ठरवतात. "जुन्या शिम्स होत्या तशाच टाका" हा सल्ला अर्धाच बरोबर आहे, कारण सुरुवात तिथूनच करायची असते. पण पिनियनच्या तोंडावर जोडीक्रमांकाखेरीज +२, −१ असा एक आकडा कोरलेला असतो. आदर्श मापापेक्षा हा पिनियन किती थाऊ बाहेर किंवा आत बसला पाहिजे, ते त्यातून कळतं. जुन्यावर +२ आणि नव्यावर −१ असेल, तर फरक तीन थाऊंचा झाला. तेवढी शिम वाढवून पिनियन क्राऊनच्या जवळ न्यावा लागतो. हा आकडा न वाचता नवाकोरा सेट बसवला, की गाडी पहिल्याच दिवशी गाते आणि दोष मात्र सुट्या भागाला दिला जातो.

"बॅकलॅश बरोबर आला, म्हणजे सेटिंग झालं" हा गैरसमज तर चांगल्या मिस्त्रींमध्येही आहे. चुकीच्या खोलीवर बसलेल्या पिनियनलाही सहा थाऊ बॅकलॅश देता येतो. म्हणून निकाल लावायचा तो दातांवरच्या छापावरून. क्राऊनच्या चार-पाच दातांना तेलात कालवलेला पिवळा रंग लावायचा. क्राऊनला लाकडी दांड्याने अडवून थोडा भार द्यायचा आणि पिनियन दोन्ही दिशांना फिरवायचा. रंग जिथून पुसला जातो, तिथे दात टेकतो. तो डाग दाताच्या उंचीच्या मध्यावर हवा. दाताच्या मुळाशी गेला तर पिनियन जास्त आत आहे, शिम काढा. माथ्यावर गेला तर पिनियन मागे राहिला आहे, शिम वाढवा. डाग बाहेरच्या टोकाकडे पळत असेल तर बॅकलॅश जास्त आहे, आतल्या टोकाकडे असेल तर कमी. तो सुधारण्यासाठी बाजूच्या बेअरिंगची शिम एका बाजूची काढून तेवढीच दुसऱ्या बाजूला घालतात, म्हणजे बेअरिंगवरचा ताण बदलत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर डाग कशामुळे सरकला ते कळायचा मार्ग उरत नाही.

पिनियनचा नट "अंगात जोर असेल तेवढा" आवळला की काम पक्कं, असं समजू नये. या ॲक्सलमध्ये पिनियनच्या बेअरिंगचा ताण बाहेरच्या बेअरिंगमागच्या शिम्स ठरवतात. नट त्याच्या ठरलेल्या टॉर्कला आवळायचा आणि मग पिनियन फिरायला किती ओढ लागते ते मोजायचं. तेही ऑईल सील आणि क्राऊन बसवण्याआधी. नव्या बेअरिंगला साधारण २० ते ४० इंच-पौंड ओढ हवी, वापरलेल्याला निम्मी पुरते. महागडं साधन नसेल तर फ्लँजला दोरी गुंडाळून ताणकाट्याने ओढावं. काट्याचे पौंड गुणिले फ्लँजची त्रिज्या, उत्तर मिळालं. बेअरिंग कॅप मात्र डावी-उजवीकडे अदलाबदल करू नयेत. त्या हाऊसिंगबरोबर जागेवरच बोअर केलेल्या असतात.

वेगासाठी क्राऊन-पिनियनचं गुणोत्तर बदलताना होणारी चूक याहून धोक्याची आहे. सीजे-३बीच्या क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८, म्हणजे गुणोत्तर ५.३८. युद्धकाळातल्या विलिज एमबीला ३९ आणि ८, म्हणजे ४.८८. या दुसऱ्या गुणोत्तराचा सेट टाकल्यावर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे नऊ टक्क्यांनी कमी होतात. हायवेवर फरक जाणवतो आणि मोह होणं साहजिक आहे. पण "मागचा बदलला, पुढचा नंतर बघू" असं करून फोर-व्हील लावलं, तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात. डांबरी रस्त्यावर त्या ताणाने ट्रान्सफर केस किंवा ॲक्सल शाफ्ट मोडू शकतो. बदलायचे तर दोन्ही बदला. एकच बदललात तर दुसरा होईपर्यंत फोर-व्हीलच्या दांड्याला हात लावू नका.

ऑईलबद्दल थोडक्यात. जाड ऑईल टाकून आवाज दबतो, झीज थांबत नाही. क्राऊन-पिनियन हे हायपॉइड गिअर आहेत; त्यांचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसरतातही. म्हणून त्यांना ९० नंबरचं जीएल-५ दर्जाचंच ऑईल लागतं. तेच ऑईल गिअरबॉक्समध्ये ओतू नये, तिथल्या पितळी रिंगांना ते मानवत नाही. आणि नवं सील टाकूनही चाकाकडून ऑईल गळत राहिलं, तर ॲक्सलवरचा छोटा ब्रीदर मातीने बुजलेला आहे का ते बघा. आतली गरम हवा कोंडली की ऑईल सीलमधून वाट काढतं आणि ब्रेक लायनर भिजवतं.

नवा सेट बसवल्यावर पहिल्या फेऱ्या सावकाश, भार न टाकता आणि मध्ये गार होऊ देत कराव्यात, आणि साधारण ८०० किलोमीटरला ऑईल बदलावं.

हे काम तुम्ही स्वतः करा किंवा मिस्त्रीकडे द्या. त्याच्याकडे द्याल तेव्हा चार गोष्टी लेखी मागा: पिनियनवरचा आकडा, शिम्सची जाडी, बॅकलॅश आणि पिनियनची ओढ. सोबत दातांवरच्या डागाचा फोटो. हे द्यायला जो तयार नसेल, त्याच्याकडे ॲक्सल उघडायला देऊ नका.