मशीन घेण्याआधीचा एक दिवस

‘मला धंदा जमेल का’ असं विचारत येणाऱ्या पोरांना मी हो किंवा नाही सांगत नाही. एक दिवस रजा टाक आणि सकाळपासून माझ्याबरोबर थांब, म्हणतो. या मंगळवारी आलेला मुलगा माझ्या मित्राचा पुतण्या. मेकॅनिकल डिप्लोमा, चाकणच्या एका कंपनीत सहा वर्षं क्वालिटीला, हातात चौतीस हजार पगार. चौदा लाखांचं जुनं व्हीएमसी (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर) मशीन त्याने हेरून ठेवलंय, भोसरीत माझं वर्कशॉप आहे त्याच ब्लॉकमध्ये गाळाही बघितलाय. मुलगा हुशार आहे, हाताला सफाई आहे. म्हणूनच त्याच्याबद्दल जिवाला घोर लागला होता. बापाने गावाकडची जमीन तारण ठेवायची तयारी दाखवलीय.

सकाळी ६.३०

गाळ्यावर पोचायच्या आधीच फोन आला. पहिल्या पाळीच्या ऑपरेटरची आई आजारी, तो रात्रीच परभणीच्या गाडीत बसलाय. पैसे लागले तर सांग, असं त्याला म्हणालो आणि मशीनवर कोण उभं राहणार हे ठरवायला लागलो. कोणी नव्हतं, म्हणजे मीच. मुलगा म्हणाला, “काका, आमच्याकडे असं झालं की सुपरवायझर बदली माणूस देतो.” इथे सुपरवायझर नाही, हे त्याला ठाऊक होतं. मशीनसमोर उभा राहिलेला मालक बघितल्यावर ते अंगावर आलं.

७.१५

रात्रपाळीचे अॅल्युमिनियमचे पार्ट टेबलावर मांडलेले होते. ३२ मिलिमीटरचा बोअर, एच-७. म्हणजे वरच्या बाजूला फक्त २५ मायक्रॉनची मुभा, खाली शून्य. मुलाने बोअर गेज उचलला, रिंगवर शून्य केला आणि तपासायला बसला. त्याचा हात बघत राहावा असा आहे. गेज आत घालून हलकेच डोलवायचा, काटा जिथे उलटा फिरतो तो आकडा धरायचा. घाई नाही, पुन्हा पुन्हा चाचपडणं नाही. अकरावा पार्ट त्याने बाजूला ठेवला. ३२.०२८. मग बारावा, तेरावा. शेवटपर्यंत सगळे मोठेच निघाले.

कारणही त्यानेच शोधलं. मध्येच इन्सर्ट बदललेला होता. जुना झिजत होता म्हणून बोरिंग बार थोडा बाहेर काढलेला, नवा बसवल्यावर तो परत आत घ्यायचा राहिला. बोअर लहान राहिला असता तर पुन्हा मारता आला असता. मोठा झाला की गेला, आणि कास्टिंग गिऱ्हाइकाचं.

त्याने सवयीने नापास मालाचा लाल टॅग मागितला. इथपर्यंत कुठल्याही कंपनीने डोक्यावर घ्यावा असा माणूस. पण टॅग लावल्यावर तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मालकाचं काम त्या टॅगनंतर सुरू होतं. मी गिऱ्हाइकाच्या क्वालिटीवाल्याला फोन लावला आणि किती पार्ट, किती मायक्रॉन, कशामुळे, हे माल निघायच्या आधीच सांगितलं. डेव्हिएशनवर, म्हणजे फरक मान्य करून, घेणार असाल तर घ्या, नाहीतर कास्टिंगचे पैसे माझ्या बिलातून कापा. समोरचा चिडला, ऐकून घेतलं. दुपारपर्यंत कळवतो म्हणाला. मग रात्रपाळीवाल्याला बाजूला घेऊन इन्सर्ट बदलल्यावर पहिला पार्ट तपासायचाच, हे पुन्हा दाखवलं. ओरडलो नाही. तो उद्या आला नाही तर मशीन बंद.

१०.००

चलन, टेम्पो, कूलंट, टूलवाल्याचा माणूस, पाण्याचा जार. यात दीड तास जातो आणि संध्याकाळी काय केलं ते सांगता येत नाही.

१२.३०

डबे उघडले आणि त्याने मोबाइलवर हिशेब दाखवला. तासाला चारशे रुपये दर, दोन पाळ्यांचे वीस तास, महिन्याचे सव्वीस दिवस. ५२० तास, २ लाख ८ हजार रुपये. खर्च वजा जाता शहाऐंशी हजार हातात.

दर बरोबर होता, खर्चही त्याने प्रामाणिकपणे धरला होता. कर्जाचा हप्ता ३१ हजार, भाडं १८, दोन ऑपरेटर ४०, वीज १५, टूल आणि तेल १२, टेम्पो आणि हिशेबनीस ६. एकूण १ लाख २२ हजार. चूक एकच, तासांची. सेटिंगला मशीन थांबतं, कास्टिंग वेळेवर येत नाही, वीज जाते, माणूस परभणीला जातो. नव्या माणसाला पहिले काही महिने ३०० तास मिळाले तरी पुष्कळ. ३०० गुणिले ४०० म्हणजे १ लाख २० हजार. वहीच्या मागच्या पानावर त्याच्याच हाताने लिहायला लावलं: महिनाभर राबून दोन हजार खिशातून. आजच्या पगाराएवढे चौतीस हजार सुटायला ३९० तास हवेत, सुट्ट्या सोडून रोज पंधरा तास चिप्स पडल्या पाहिजेत.

“आणि हे पैसे येणार कधी?” मी विचारलं. कागदावर महिनाअखेर, प्रत्यक्षात दोन-तीन महिन्यांनी. म्हणजे मशीनच्या पैशांशिवाय तीन महिन्यांचा खर्च, साडेतीन लाखांच्या वर, हाताशी हवा. बिल निघालं की जीएसटी देणं लागलं. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याला पुढच्या महिन्याची २० तारीख, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. त्याचा चेहरा उतरला, पण त्याने वही मिटली नाही, वीज जास्त धरलीय का म्हणून पुन्हा बेरीज केली. मला ते फार आवडलं. वाईट आकड्याकडे बघत बसता येणं ही या कामातली मोठी लायकी आहे.

३.००

वसुलीला निघालो. मोशीच्या पुढे नाशिक रस्त्यावर नेहमीची रांग. गाडीत लक्ष्मणराव किर्लोस्करांचा विषय निघाला, कारण मुलाच्या मोबाइलवर सकाळी कुठलं तरी उद्योजकतेचं भाषण आलं होतं. लक्ष्मणरावांनी मुंबईची शिक्षकाची नोकरी सोडली, १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली, हे भाषणांत येतं. पण लोखंडी नांगराने जमिनीत विष कालवलं जाईल या समजुतीने शेतकरी तो घेत नव्हते आणि तयार नांगर पडून होते, त्या काळातला माणूस मला जास्त जवळचा वाटतो. माल चांगला असूनही विकला जात नाही आणि तरी उद्या कारखाना उघडायचा, हे पोरांना कोणी सांगत नाही.

गिऱ्हाइकाच्या गेटवर पास, मग अकाउंट्स. माझं १ लाख ८० हजारांचं बिल तीन महिन्यांपासून अडकलेलं. तिथला माणूस नेहमीप्रमाणे म्हणाला, “पुढच्या आठवड्यात बघू.” मी बिलाची आणि चलनाची प्रत त्याच्यासमोर ठेवली. कुठे अडकलंय तेवढं सांगा. त्याने स्क्रीन बघितली; स्टोअरने माल मिळाल्याची नोंद, जीआरएन, चढवलेलीच नव्हती. स्टोअरला गेलो, तिथल्या मुलाला रजिस्टरमधली नोंद दाखवली, त्याने चढवली. परत अकाउंट्स. “आता तारीख सांगा.” शुक्रवार म्हणाला. “पूर्ण की अर्धे?” पूर्ण. मी त्याच्यासमोरच डायरीत लिहिलं आणि शुक्रवारी अकरा वाजता फोन करतो म्हणालो. आवाज चढवला नाही, गयावया केली नाही, पोरांच्या फीच्या गोष्टी सांगितल्या नाहीत.

मुलगा सगळा वेळ भिंतीला टेकून मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, “काका, तुम्ही मागत होतात आणि मलाच लाजल्यासारखं होत होतं.”

दिवसभरात त्याने केलेलं हे सर्वांत खरं बोलणं. थकलेल्या बिलांबाबत २००६ चा कायदा सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या बाजूने आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे दिलेच पाहिजेत, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आता आयकरातही मुदतीबाहेर थकवलेलं बिल पैसे देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. हे माहीत असलंच पाहिजे, उद्यम नोंदणी केलेलीच पाहिजे. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, एजंटला पैसे द्यायचे नाहीत. पण कायदा तुझ्या वतीने अकाउंट्सच्या दारात जाऊन उभा राहत नाही. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने निम्मे लोक तक्रार करत नाहीत, आणि साधं तोंड उघडायलाही लाजतात. ज्याला केलेल्या कामाचे पैसे मागता येत नाहीत त्याने धंद्यात उतरू नये, असं मी आता ठामपणे म्हणतो. हिंमत, कल्पना, मेहनत सगळं असलेली माणसं मी आमच्या ब्लॉकमध्ये या एका गोष्टीपायी शटर ओढताना बघितलीत.

५.३०

परतताना गिऱ्हाइकाचा फोन: पार्ट डेव्हिएशनवर घेतो, पुढच्या वेळी नाही. मुलाने मोठा श्वास सोडला. मग तो अनुदानाकडे वळला. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम ही योजना नव्या उद्योगासाठी आहे आणि चांगली आहे. पण अनुदान हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं. ते पहिल्या महिन्यांचा पगार भागवायला येणार नाही. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन नीट विचार, एवढंच सांगितलं.

७.३०

चहाला घरी आणलं. बायकोने त्याला जेवायलाच बसवलं आणि विचारलं, “घरात कोणाशी बोललास? लग्न ठरतंय ना तुझं?” ठरत होतं, आणि त्या मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. सहा महिने घरात ठरावीक तारखेला पैसे येणार नाहीत हे जिला सोसायचंय तिला आधी सांगायला हवं, असं बायको म्हणाली. मी त्यात भर घालायची गरज नव्हती.

जेवताना आणखी एक गोष्ट निघाली. तळेगावच्या आतेभावाने गेल्या दिवाळीत त्याच्याकडून चाळीस हजार नेलेत. परत मागायचं त्याच्या जिवावर येतं.

मी त्याला सांगितलं, मशीनवाल्याला टोकन देऊ नकोस. दोन गिऱ्हाइकांकडून महिन्याला किती तासांचं काम मिळणार ते लेखी आण. ३९० च्या जवळ जातंय का बघू. मुलीशी बोल. बापाच्या जमिनीचा कागद बँकेत जाणार नाही, गेला तर मी या कामात मदत करणार नाही. आणि नाहीच जमलं तर खाली मान घालायचं कारण नाही. तुझ्यासारखा गेज धरणारा माणूस कुठल्याही कंपनीत दहा जणांना शिकवेल, ते काम मोठं आहे. पण या सगळ्याआधी तळेगावला जाऊन ये.

रविवारी जातो म्हणाला. पैसे मिळाले नाहीत तरी फोन कर, मी म्हणालो, तू काय बोललास तेवढं सांग.