टीव्ही रूमचा टीव्ही : खोक्यावरचे आकडे बाजूला ठेवा!

सुरुवातीलाच एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे हा लेख आधी माझ्या रूममेटने आणि मग मराठी विभाग बघणाऱ्या मॅडमनी तपासला आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर ते त्या दोघींचं. टीव्हीबद्दल काही चुकलं असेल तर माझं. आणि टीव्हीच्या बाबतीत माझ्या हातून एकदा चूक झालेली आहे, तीही ११८ मुलींच्या पैशांनी!

झालं असं, की गेल्या वर्षी आमच्या लेडीज हॉस्टेलच्या टीव्ही रूममधला जुना २१ इंची, पाठीवर कुबड असलेला टीव्ही एकदाचा बंद पडला. प्रत्येकी २५० रुपये वर्गणी काढली, २९,५०० रुपये जमले. कमिटीत इलेक्ट्रॉनिक्सची मी एकटीच, म्हणून 'तूच बघ गं' म्हणत सगळ्यांनी निवड माझ्यावर टाकली. मी काय केलं? खोक्यावरचे आकडे वाचले. ५० इंच, फोर-के, एचडीआर, 'मोशन २००'! एवढ्या पैशांत एवढं सगळं! लगेच घेऊन आले.

महिन्याभरात तीन तक्रारी आल्या. मेसच्या मावशी दुपारी सिरियल बघायला येतात, त्या म्हणाल्या, "जुन्या टीव्हीवर बरं दिसायचं गं." शनिवारी रात्री पिक्चर लावणाऱ्या मुली म्हणाल्या, "सगळे पिक्चर सिरियलसारखे दिसतात." आणि गॅदरिंगच्या स्पर्धेत टेकनची फायनल हरल्यावर फायनल इयरची एक ताई म्हणाली, "बटण उशिरा लागतंय." मी सगळ्यांना उडवून लावलं. ताईला तर म्हटलं, "ताई, टीव्ही नवा आहे, तुझे रिफ्लेक्स जुने झालेत." सगळ्या हसल्या. फायनलमध्ये तिच्यासमोर मीच होते, हे सांगायचं राहिलं. ट्रॉफी माझ्या कपाटात आहे.

यंदा बॉइज हॉस्टेलच्या नव्या इमारतीसाठी टीव्ही घ्यायचा आहे आणि रेक्टर सरांनी मलाच विचारलंय (त्यांना वरचा इतिहास माहीत नसावा). म्हणून हा लेख. कारण तिन्ही तक्रारी खऱ्या होत्या.

आधी मावशींची घेऊ, कारण ती साध्या गणिताने सुटते. आपल्या डोळ्याला साधारण एक मिनिट कोनापर्यंतचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा, फरक कळतो. म्हणजेच एखादा ठिपका त्याच्या आकाराच्या साधारण ३४०० पट लांब गेला, की तो वेगळा दिसत नाही. आता मांडा. ५० इंची टीव्हीची रुंदी सुमारे ११० सेंमी. 'फुल एचडी'मध्ये या रुंदीत १९२० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ०.५८ मिमी. त्याला ३४०० ने गुणलं तर जवळजवळ २ मीटर. फोर-केमध्ये ३८४० पिक्सेल, म्हणून अंतर निम्मं, १ मीटर. आमच्या टीव्ही रूममध्ये पहिलं बाकडंच ३ मीटरवर आहे! ज्या फोर-केसाठी मी दुकानात हट्ट धरला, त्यातला फरक बघायला टीव्हीखाली मांडी घालून बसायला हवं.

आता मावशींची सिरियल. ती साध्या, एचडी नसलेल्या चॅनेलवर लागते. त्या चित्रात उभ्या दिशेने फक्त ५७६ रेघा असतात. जुन्या टीव्हीची उंची साधारण ३० सेंमी, म्हणजे एक रेघ अर्ध्या मिमीची. पावणेदोन मीटरच्या पुढे ती दिसणारच नाही. नव्या टीव्हीची उंची ६२ सेंमी, तेवढ्याच रेघा त्यावर ताणल्या तर प्रत्येक रेघ १ मिमीपेक्षा मोठी, आणि ती साडेतीन मीटरच्या पुढेपर्यंत जाणवते. मावशी बसतात ३ मीटरवर. म्हणजे त्या कुठलंही गणित न करता बरोबर बोलत होत्या आणि मी इंजिनीअरिंग करून चूक! उपाय टीव्ही बदलणं हा नव्हताच. त्याच चॅनेलचं एचडी रूप घेतलं आणि सेट-टॉप बॉक्स एचडीएमआय केबलने जोडला (तो तोवर लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरवरच होता), की झालं.

म्हणजे मोठा टीव्ही घेऊ नये का? घ्यावा की! पण शेवटच्या बाकावरून मल्याळम पिक्चरचे सबटायटल वाचता यावेत म्हणून, फोर-केसाठी नाही. तसंही मोठ्या आकारात आता फोर-केच सगळीकडे मिळतात, तेव्हा त्यावर भांडत बसू नका. आधी टेप घेऊन खोली मोजा.

आता ताईची तक्रार. टीव्हीकडे आलेलं चित्र तो लगेच दाखवत नाही. आधी रंग उठावदार करतो, कडा धारदार करतो, दोन फ्रेमच्या मधे स्वतःची फ्रेम बनवतो, मग दाखवतो. पिक्चर बघताना हा उशीर कळत नाही, कारण आवाजही तेवढाच थांबवलेला असतो. गेममध्ये मात्र तुमचा अंगठा थांबलेला नसतो. याला 'इनपुट लॅग' म्हणतात. खोक्यावर हा आकडा बहुधा छापलेलाच नसतो, आणि गेमसाठी महत्त्वाचा आकडा तर हाच!

तो मोजायला लॅबची गरज नाही. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडा, दोन्हीकडे तेच चित्र दिसेल असं करा, मिलिसेकंद दाखवणारं स्टॉपवॉच चालू करा आणि मोबाइलने दोन्ही पडद्यांचा एकत्र फोटो काढा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे टीव्ही लॅपटॉपच्या किती मागे आहे ते. एका फोटोवर जाऊ नका, पडदा स्वतःच १६-१७ मिलिसेकंदांच्या उड्या मारत बदलतो. दहा फोटोंची सरासरी काढा. आम्ही हा प्रयोग सबमिशनच्या आदल्या रात्री केला (अभ्यास सोडून सगळं सुचतं तेव्हा!). सरासरी आली साधारण १०० मिलिसेकंद.

टेकन सेकंदाला ६० फ्रेम चालतो. १०० मिलिसेकंद म्हणजे ६ फ्रेम. सगळ्यात वेगवान ठोसा १० फ्रेमचा असतो. तो बघून अडवणं तसंही कुणाला जमत नाही. पण पायावर येणारी संथ लाथ पंचवीसेक फ्रेम घेते, म्हणजे ४०० मिलिसेकंदांच्या थोडं वर. डोळ्याने बघून बोट हलायला माणसाला २०० ते २५० लागतात, म्हणजे सराव असेल तर ती अडवता येते. त्यातले १०० टीव्हीने खाल्ले तर उरतं काय?

"पण लॅग तर दोघींना सारखाच होता ना?" असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःची हीच समजूत घातली होती. पण ताई बघून खेळते. समोरची काय करतेय ते बघायचं, अडवायचं, मग मारायचं. मी सगळी बटणं एकदम बडवते. बडवणाऱ्याला लॅगचं काय? पडद्याकडे बघितलंच नाही तर उशीर कसला! तेव्हा दोघींना सारखा असलेला लॅग प्रत्यक्षात माझ्या बाजूने खेळत होता.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. रिमोटवरून सेटिंगमध्ये गेलो तर तिथे 'गेम मोड' होता. तो लावला, की टीव्ही मधली कामं सोडून देतो. परत फोटो काढले तर फरक २० च्या आसपास. टीव्ही वाईट नव्हताच. चार महिने कुणी मेनू उघडला नव्हता, एवढंच! नवे टीव्ही आणि नवे कन्सोल असतील तर हा मोड आपोआप लागतो, पण दोघांनाही ती सोय हवी. आमच्याकडे कुणाच्या तरी भावाचा जुना पीएस-४ आहे, त्याला कसली सोय!

जाता जाता, 'मोशन २००' चं. आमचा पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलतो, २०० हे कंपनीने दिलेलं नुसतं नाव. पीएस-५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स असेल तर फोर-केमध्ये १२० फ्रेम मिळू शकतात, पण त्यासाठी पडदा खरोखर १२० हर्ट्झचा हवा आणि पोर्टही तेवढा वेग झेलणारा हवा. नुसतं 'एचडीएमआय २.१' लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, त्यातल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक असतात, आणि अनेकदा चारपैकी एक-दोनच पोर्ट तसे असतात. मॅन्युअल उघडून बघा. पीएस-४ वर या सगळ्याचा शून्य उपयोग.

राहिल्या पिक्चरवाल्या. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम असतो. ६० हर्ट्झच्या पडद्यावर २४ सारखे बसत नाहीत, म्हणून एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा अशी दाखवतात. त्यामुळे कॅमेरा सावकाश फिरला की चित्र किंचित अडखळतं. हे झाकायला टीव्ही मधल्या फ्रेम कल्पनेने बनवतो आणि मग कोट्यवधींचा पिक्चर सिरियलसारखा गुळगुळीत दिसतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी चक्क व्हिडिओ काढून 'ही सोय बंद करा' अशी विनंती लोकांना केली होती! २०१९ मध्ये 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला, तो एका झटक्यात हे सगळं बंद करतो. तुमच्या टीव्हीत नसेल तर 'सिनेमा' लावा आणि मोशनची सेटिंग हाताने शून्यावर आणा. १२० हर्ट्झच्या पडद्यावर ही कटकट नसते, १२० ला २४ ने बरोबर भाग जातो.

पिक्चरसाठी पैसे घालायचेच असतील तर काळ्या रंगात घाला. एलसीडीच्या पडद्यामागे दिवा कायम जळत असतो, म्हणून रात्रीचा सीन करडा दिसतो. 'व्हीए' पडद्यात काळा बराच गडद, पण बाजूने बघितलं की रंग उडतात. 'आयपीएस'मध्ये उलटं. स्वतःच्या खोलीत, समोर बसून बघणार असाल तर डोळे झाकून व्हीए. टीव्ही रूममध्ये भिंतीला टेकून बसणारे अर्धे असतात आणि ट्यूबलाइट कुणी बंद करत नाही, तिथे माझं मत आयपीएसला. ओलेड सगळ्यात भारी, त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः विझतो. पण टीव्ही रूममध्ये क्रिकेट चॅनेलची स्कोअरपट्टी तासन् तास एकाच जागी असते आणि तिचा डाग कायमचा उमटू शकतो. शिवाय आपलं बजेट बघता हा विषय इथेच संपतो. एचडीआरबद्दलही तेच. स्वस्त टीव्ही एचडीआरचा सिग्नल घेतो, पण त्याचा उजेडच साधारण ३०० निट्स. मग तो दाखवणार काय?

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर दोन क्लिप न्या, एक अंधारातली आणि एक भरपूर पळापळीची. रिमोट मागून घ्या, 'व्हिव्हिड' बंद करा, बाजूला उभं राहून बघा, गेम मोड आहे का ते शोधा. सेल्समनदादा वैतागतील, वैतागू द्यात. ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा वाचलेल्या पैशांत स्पीकर घ्या, कारण पातळ टीव्हीचा आवाजही पातळच. पण वायरवाला घ्या, ब्लूटूथचा आवाज गेममध्ये मागे पडतो. वोल्टेजचं आपल्या हॉस्टेलमध्ये वेगळं सांगायला नको.

ते दहा फोटो मी ताईला पाठवले. ती आता पुण्यात जॉब करते. तासाभराने उत्तर आलं, "ट्रॉफी पुसून ठेव. गॅदरिंगला येतेय." टीव्हीवर गेम मोड लावलाय आणि कुणी बदलू नये म्हणून रिमोट रेक्टर मॅडमकडे दिलाय. मी सध्या रोज रात्री लाथ अडवायची प्रॅक्टिस करतेय, बटणं न बडवता.