वार्धक्य आणि ऑनलाइन सामूहिक खेळ : आवड व विन्मुखता यांची मीमांसा

अनेकांनी एकत्र खेळावयाचे ऑनलाइन व्हिडिओ खेळ हे तरुणांचेच क्षेत्र होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वृद्ध माणसे त्यांपासून दूर राहिली की ‘वय’ या एका शब्दात कारण सांगून विषय संपविला जातो. परंतु साठी उलटलेली तीच व्यक्ती एका खेळाकडे पाठ फिरविते आणि दुसऱ्यात तासन्‌तास रमते, याचा उलगडा केवळ वयाने होत नाही. त्यासाठी खेळाची गती, खेळातील सोबत आणि खेळणाऱ्याची प्रतिष्ठा या तीन अंगांनी विचार करणे अवश्य आहे.

प्रथम गती. वयोमानाने प्रतिसाद मंदावतो हे खरे. पण ही वार्धक्यात अकस्मात कोसळणारी आपत्ती नव्हे. थॉम्पसन, ब्लेअर व हेन्री या कॅनडातील संशोधकांनी २०१४ मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ या खेळाच्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मंदपणाचा आरंभ चोविसाव्या वर्षाच्या सुमारासच होतो असे दिसले. वयाने मोठे खेळाडू ही उणीव काही अंशी अन्य युक्त्यांनी भरून काढतात, असेही त्यात सूचित झाले. रेमंड कॅटेल यांनी बुद्धीची प्रवाही व संचित अशी दोन रूपे मानली. पहिले वयाबरोबर क्षीण होते, दुसरे दीर्घकाळ टिकते. डहाणू तालुक्यातील वरोरसारख्या किनाऱ्यावरील गावात याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. जाळे ओढणारा हात थकला, तरी जुन्या तांडेलाची वाऱ्या-पाण्याची जाण कायम असते. शंभर खेळाडू एकाच वेळी उतरणाऱ्या लढाईच्या खेळात क्षणाचा विलंबही बाद करतो; तेथे नेमकी क्षीण झालेली शक्तीच पणाला लागते. पाळीपाळीने खेळावयाचे पत्ते, बुद्धिबळ वा लुडो मात्र खेळाडूसाठी थांबतात.

दुसरे अंग सोबतीचे. केवळ फुरसत असणे पुरेसे नसते. पावसाळ्यात सामान्यतः १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तेवढ्याने कोणी अनोळखी माणसांशी खेळावयास बसत नाही. लॉरा कार्स्टेन्सन यांच्या सिद्धान्तानुसार, पुढील आयुष्य थोडे उरले असे वाटू लागले की माणूस नव्या ओळखींपेक्षा मोजक्या, जिव्हाळ्याच्या संबंधांना अधिक मोल देतो. नवी मुंबईतील कंपनीने २०१६ मध्ये आणलेला ‘लुडो किंग’ २०२० च्या टाळेबंदीत घरोघर पोहोचला, त्याचे मर्म येथे सापडते. पटाच्या पलीकडे परगावी अडकलेला मुलगा वा नात होती. शिवाय लुडो हा पचिसीच्या कुळातील खेळ. सारीपाट पाहिलेल्या पिढीला त्याचे नियम परके नव्हते.

तिसरे अंग प्रतिष्ठेचे. येथे नातू गुरू होतो आणि आजोबा शिष्य. शिकविणारा अधीर झाला, तर ‘मला नको ते’ हे उत्तर येते. त्यात खेळाविषयीच्या अरुचीपेक्षा मानभंगाची भीती अधिक असते. बारीक अक्षरे व इंग्रजी सूचना तिला खतपाणी घालतात. चुकीच्या ठिकाणी बोट पडून पैसे जातील, ही धास्तीही निराधार नाही. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला, यावरून त्या संकटाची व्याप्ती ध्यानात येते.

तात्पर्य, वृद्ध माणूस खेळ टाळतो असे म्हणण्यापेक्षा तो विशिष्ट अटींवरचा खेळ टाळतो असे म्हणणे अधिक युक्त होय. हा भेद केवळ शाब्दिक नाही. दोष वयाचा मानला, तर करण्यासारखे काही उरत नाही. अटींचा मानला, तर त्या बदलता येतात. म्हणून ‘आपण खेळता काय?’ या प्रश्नावर न थांबता ‘कोणाबरोबर, कोणत्या गतीने आणि कोणी शिकविल्यावर?’ असे विचारणे अभ्यासकास अगत्याचे आहे. घरात एकाकी पडलेल्या माणसाच्या बाबतीत या प्रश्नांच्या उत्तरावर त्याची संध्याकाळ अवलंबून असते.