आधी शंभर एकर, मग इमारत

10 वर्षं. डिसेंबर 1887मध्ये बॉस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने पंडिता रमाबाईंच्या शाळेला आधार देऊ केला तो एवढ्याच मुदतीचा. हातात कसब देणारी शाळा टप्प्याटप्प्याने कशी उभी राहते आणि स्वतःच्या कमाईवर किती चालू शकते, याचा मराठी मुलखातला सर्वांत शिकण्याजोगा हिशेब इथून सुरू होतो. आज अंधेरी-बोरिवलीकडे किंवा मुलुंड-घाटकोपरला एखाद्या ख्रिस्ती ट्रस्टच्या मनात आयटीआय काढायचं आलं, की पहिल्या बैठकीत इमारतीचा नकाशा पसरला जातो. रमाबाईंपुढे नकाशाआधी मुदत होती.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन ही त्यांची शाळा सुरू झाली, तेव्हा विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यांतल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. 1890मध्ये सदन पुण्याला हललं. शाळा तेव्हा धर्मनिरपेक्ष होती, तरी 1893मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठलं. पालकांनी मुली काढून नेल्या, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. स्थानिक पाठबळ असं एका झटक्यात आटलं आणि अमेरिकेच्या मुदतीची जेमतेम पाच वर्षं उरली.

पुढचा खर्च रमाबाईंनी इमारतीवर केला नाही. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर केडगावला सुमारे 100 एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. मदत थांबेल तेव्हा बागेचं उत्पन्न हाताशी असावं, हा बेत. संत्र्याचं झाड धरायला चार-पाच वर्षं घेतं, म्हणजे मुदत आणि बहर यांची शर्यतच होती. माझ्या मते सगळ्या कहाणीतला हा सर्वांत शहाणा निर्णय आहे.

बेत मात्र दुष्काळाने उलटा केला. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे 300 मुली आल्या, त्यातच पुण्यात प्लेग. बागेसाठी घेतलेल्या जमिनीवर माणसांची सोय करावी लागली आणि मुक्ती मिशन उभं राहिलं, या वेळी उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून. 1900च्या सुमारास तिथे दीड हजारांवर माणसं आणि शंभरावर गुरं होती. एकरी 15 माणसं! एवढ्यांना कुठलीही बाग पोसू शकत नाही. म्हणून माग आले, तेलाचा घाणा आला, दुग्धशाळा, शिवणकाम, धुलाई आणि छापखाना. खिळे जुळवायला बायकाच शिकल्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच छापखान्यात छापलं गेलं आणि त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, 1924मध्ये, पूर्ण बाहेर पडलं. देणग्या शेवटपर्यंत लागल्याच. पण रोजच्या खाण्यापिण्याचा, कपड्याचा, छपाईचा बराच भार घरच्या हातांनी उचलला. देणगी आणि कमाई यांची कामं अशी वेगळी ठेवणं, हेच उपनगरांनी घ्यावं.

उपनगरात 100 एकर मिळणार नाहीत. इथला टप्पा म्हणजे एक तुकडी. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन किंवा फिटरच्या तुकडीत 20 प्रशिक्षणार्थी, अभ्यासक्रम 2 वर्षांचा, वर्षाला 1,200 तास आणि वर 150 तास प्रत्यक्ष कामावर. कार्यशाळेला साधारण हजार चौरस फूट. अनेक पॅरिशकडे एवढी जागा आधीच असते.

आता चालवण्याचा खर्च. पुढचे आकडे हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत. आपापले घालून बघा. समजा निदेशकाचा पगार महिना 30,000, साहित्य आणि वीज 15,000, कार्यालयाचा वाटा 10,000, एकूण 55,000 रुपये. दरडोई 2,000 फी धरली तर 20 जणांचे 40,000 येतात. पण अशी शाळा गरिबांसाठी काढायची, तर निदान 5 जणांना फी माफ हवी. मग हातात 30,000 उरतात. तूट महिना 25,000, वर्षाला 3 लाख. ती व्याजातून भरायची तर 7 टक्क्यांनी सुमारे 43 लाखांची ठेव लागेल, तीही एकाच तुकडीसाठी. उलट तीच कार्यशाळा संध्याकाळी नोकरदारांच्या छोट्या अभ्यासक्रमांना दिली, आसपासच्या सोसायट्यांची वायरिंगची, ग्रिलची कामं निदेशकाच्या देखरेखीखाली घेतली, तर खर्च वजा जाता 25,000 मिळवणं आवाक्यातलं आहे. एक जपायला हवं: ऑर्डर पुरी करायच्या घाईत मुलांचे शिकण्याचे तास खाल्ले जाता कामा नयेत. तसं झालं की शाळेचा कारखाना होतो.

शिकलेल्या हातांचा ग्राहकही जवळच आहे. ज्या आस्थापनेत 30 किंवा अधिक माणसं आहेत, तिला मनुष्यबळाच्या किमान 2.5 टक्के शिकाऊ उमेदवार घेणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यांच्या विद्यावेतनाचा 25 टक्के भाग, कमाल 1,500 रुपये, केंद्र सरकार उचलतं. अंधेरीची एमआयडीसी आणि सीप्झ दारातच आहेत.

टप्प्यांची सवय या भागाला आहेच. वांद्र्याच्या फादर आग्नेल आश्रमात अभियांत्रिकी महाविद्यालय 1984मध्ये आलं. त्याआधी तिथे अनाथ मुलांचा सांभाळ आणि तांत्रिक शिक्षण सुरू होतं.

म्हणून विश्वस्तांना विनंती: कोनशिलेच्या निमंत्रणपत्रिका छापण्याआधी पहिल्या तुकडीचा बारा महिन्यांचा जमाखर्च चर्चच्या सूचनाफलकावर लावा, आणि ती तुकडी स्वतःचा खर्च भागवू लागेपर्यंत दुसरी उघडू नका.