वणवा विझवायचा कुणी?

होळीच्या आगेमागे रात्री डोंगराकडे पाहिले की आगीची लाल माळ सरकताना दिसते. "वणवा लागलाय, बघतील फॉरेस्टवाले," असे म्हणून आपण कूस बदलतो. डोंगर सरकारचा, तेव्हा आगही सरकारची! पण आपल्या ओढ्याला, विहिरीला पाणी येते ते त्याच डोंगराचे. गवत-पाला जळून उघडी पडलेली माती पहिल्या वळवात खाली येते आणि पाझर तलावात बसते.

आता फॉरेस्टवाले असतात तरी किती? एका वनरक्षकाकडे अख्खे बीट. एकाच रात्री दोन टोकांना आग लागली तर तो पळणार कुठे? मदतीला आता उपग्रह आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाला दिसलेल्या आगीचे ठिकाण वनखात्याच्या माणसांना मोबाईलवर कळवते. सोय मोठी आहे. पण उपग्रह ठराविक वेळीच डोक्यावरून जातो आणि त्याचा एक ठिपका म्हणजे 375 मीटर लांब-रुंद चौकोन, आपल्या हिशेबाने सुमारे 35 एकर! त्यात आग कोणत्या घळीत आहे, पायवाट कुठली, दुपारनंतर वारा कुणीकडे फिरतो, हे आपल्या गुराख्यालाच ठाऊक.

कायदाही हेच सांगतो. 1927 च्या भारतीय वन कायद्याच्या कलम 79 नुसार, ज्याला जंगलात चराईचा किंवा लाकूडफाट्याचा हक्क आहे त्याने आगीची खबर दिलीच पाहिजे, विझवायलाही मदत केली पाहिजे. पण नुसत्या सक्तीने आलेला माणूस उशिराच येतो. आणि खबर देणाऱ्यालाच दिवसभर जबाबासाठी बसवून ठेवले, तर पुढच्या खेपेला कोण तोंड उघडेल? हे खात्यानेही ध्यानात घ्यावे.

जंगल आपले वाटले की माणूस कसा वागतो, ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावात पाहावे. तिथल्या ग्रामसभेला 2012 साली सुमारे 1,000 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपाने म्हणजे तिकडचे नगदी पीक. पण नवी पालवी फुटावी म्हणून झाडे छाटतात, आगी लावतात. ग्रामसभेने विचार केला आणि तेंदूची तोडच बंद केली. बांबूच्या विक्रीवर भर दिला. उद्या आम्ही तुम्हाला म्हटले, की डोंगरासाठी एका हंगामाचे उसाचे बिल सोडा, तर सभेत काय गोंधळ होईल! त्या गरीब माणसांनी घरात येणारा पैसा सोडला, तोही आपण होऊन.

आपल्याकडे 1992 पासून संयुक्त वन व्यवस्थापन आहे. कितीतरी गावांत समित्या आहेत. समिती कागदावर आहे की डोंगरावर, ते जाळरेषेच्या वेळी कळते. आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून, जाळून मोकळा केलेला पट्टा म्हणजे जाळरेषा. ती उन्हाळ्याआधीच व्हावी लागते. वणवा पेटल्यावर फावडी शोधून काय उपयोग?

आता आपल्याकडचे. डोंगराच्या कडेच्या प्लॉटात तोड झाली की काही सभासद अजूनही पाचट पेटवतात. "बांधापर्यंतच जाईल की!" पण मार्चच्या दुपारी वारा बांध ओळखत नाही. नुकसानही घरचेच. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट जाळणे म्हणजे 40 ते 50 किलो नत्र आणि जमिनीचा सेंद्रिय कर्ब धुरात घालवणे. त्यापेक्षा खोडव्यात सरीआड सरी पाचट ठेवून दर टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट व 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकावेत.

वणवा दिसताच 1926 या वनखात्याच्या क्रमांकावर कळवावे. विझवायला जाताना आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभे राहू नये, चढावर आग माणसापेक्षा जलद धावते. ओल्या फांद्या घेऊन बाजूंनी झोडपावे, एकट्याने जाऊ नये. डोंगरकडेच्या प्लॉटधारकांनी तोडीची तारीख कळताच गट कार्यालयात नाव द्यावे. पाचट कुट्टीचे यंत्र त्यांच्याकडे आधी पाठवण्याची व्यवस्था आम्ही शेतकी खात्यामार्फत केली आहे.