रक्ताचा कर्करोग आणि कातडीवरील खुणा

रक्ताचा कर्करोग, म्हणजेच ल्युकेमिया, हाडांच्या मगजात सुरू होतो. मग त्याचा कातडीशी काय संबंध, असे विद्यार्थी विचारतील. आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेत आकडे लिहिणारे. पण वाचून-विचारून जे समजले ते येथे मांडतो.

मगजात रोगट पांढऱ्या पेशींची गर्दी झाली की रक्त थांबविणाऱ्या प्लेटलेट्स कमी होतात. डेंग्यूच्या साथीत आपण 'पेशी कमी झाल्या' म्हणतो, त्या याच. निरोगी माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात त्या सुमारे १.५ ते ४.५ लाख असतात. त्या फार घटल्या की पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात, मार न लागता काळेनिळे डाग पडतात. बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात याला उष्णता किंवा पाचटाची खाज समजून तेल-हळद लावणे सहज घडू शकते. काचेचा पेला ठिपक्यावर दाबून पाहावा. पुरळाची लाली दाबल्यावर फिकी होते, कातडीखाली उतरलेल्या रक्ताचा ठिपका तसाच राहतो. सावळ्या अंगावर हे चटकन दिसत नाही, म्हणून तोंडाच्या आतही पाहावे. असा ठिपका म्हणजे कर्करोगच, असे मुळीच नाही. पण सोबत ताप, थकवा, हिरड्यांतून रक्त असेल तर पपईच्या पानांचा रस पाजत बसू नये, रक्त तपासावे.

दुसरा प्रकार विरळा. यात रोगट पेशी स्वतःच कातडीत शिरतात. त्यास ल्युकेमिया क्युटिस म्हणतात. लालसर, तपकिरी वा जांभळट गाठी येतात, बहुधा न दुखणाऱ्या. मोनोसाइट पेशींच्या तीव्र ल्युकेमियात त्या अधिक आढळतात, हिरड्याही सुजतात. क्वचित रक्तात रोग दिसण्याआधी गाठ दिसते. औषधाची पित्ते किंवा जंतुसंसर्गही असाच दिसू शकतो, म्हणून कातडीचा तुकडा काढून तपासावा लागतो. उपचार मूळ रोगावर. नुसत्या मलमाने गाठ जात नाही.

हा रोग स्पर्शाने होत नाही. कोणाचे ताट-तांब्या वेगळे ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला सांगायला नको! रुग्णाजवळ जाताना हात जरूर धुवावेत, पण ते त्याला जंतू लागू नयेत म्हणून.

रक्ताची पहिली तपासणी तालुक्यालाच होते. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुढे पुण्यास ससून, किंवा परळचे १९४१ सालचे टाटा रुग्णालय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. जाताना शिधापत्रिका, आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट बरोबर न्यावेत.